फोनवर बघावेत असे ९ ॲक्शन, युद्ध आणि सुपरहिरो सिनेमे, आणि ते नीट कसे बघायचे



"एखादा भारी ॲक्शन पिक्चर सांग ना" हा मेसेज मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी येतो. कधी चुलत भावाचा, कधी कॉलेजच्या ज्युनियरचा, कधी ऑफिसमध्ये नवीन जॉइन झालेल्या एखाद्याचा. मी नाव सांगतो आणि दोन दिवसांनी उत्तर येतं, "बघितला, ठीक होता." मग मी विचारतो, बघितलास कशावर? उत्तर ठरलेलं असतं. मोबाइलवर, ३०० एमबीची प्रिंट, बसमध्ये, फोनच्याच स्पीकरवर.

मोबाइलवर सिनेमा बघण्यात काहीच गैर नाही. मी पण बघतो. आजकाल साध्या फोनची स्क्रीनसुद्धा चांगली असते. पण ॲक्शन, युद्ध आणि सुपरहिरो या तीन प्रकारांचं एक दुखणं आहे. त्यात वेगवान हालचाल असते, अंधार असतो आणि मोठा आवाज असतो. फाइल लहान करताना आणि छोट्या फोनवर दाखवताना नेमक्या याच तीन गोष्टी आधी मार खातात. म्हणजे सिनेमा तोच असतो, पण तुमच्यापर्यंत पोचतो तो अर्धाच.

म्हणून आजच्या लेखात ९ सिनेमे सांगतो. प्रत्येकात नेमकं काय बघायचं ते, आणि त्यासाठी फोनवर कुठली एक गोष्ट करायची ते. कुठला सिनेमा सध्या कुठल्या ॲपवर आहे ते मात्र लिहीत नाही, कारण ते दर काही महिन्यांनी बदलतं. नाव टाकून सर्च केलं की लगेच कळेल.

आधी थोडं गणित

३०० एमबीच्या प्रिंटमध्ये नक्की काय असतं? समजा सिनेमा २ तासांचा आहे, म्हणजे ७,२०० सेकंद. ३०० एमबी म्हणजे २,४०० मेगाबिट. भागाकार केला की एका सेकंदाला साधारण ०.३३ मेगाबिट येतात. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे फ्रेम असतात. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी पावणेदोन केबी, आणि त्यातच आवाजही बसवायचा. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो!

फाइलच्या नावात १०८०पी लिहिलेलं असलं तरी फसू नका. १०८०पी हा फक्त पिक्सेलचा हिशोब आहे. त्या पिक्सेलमध्ये किती माहिती भरली आहे ते बिटरेट सांगतो. मोठा डबा आणि आत चमचाभर भात, असा तो प्रकार.

चला, आता सिनेमांकडे वळूया.

१. मॅड मॅक्स: फ्युरी रोड (२०१५)

जॉर्ज मिलर यांचा हा सिनेमा म्हणजे दोन तासांचा पाठलाग. वाळवंट, गाड्या, आणि पाण्यावर कब्जा करून बसलेला एक हुकूमशहा. गोष्ट एवढीच, पण श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. बहुतेक शूटिंग नामिबियाच्या वाळवंटात झालं आणि गाड्यांचे बरेचसे स्टंट खरे आहेत. सुमारे ४८० तासांच्या फुटेजमधून मार्गारेट सिक्सेल यांनी दोन तासांचा सिनेमा काढला आणि त्यांना एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. एकूण ६ ऑस्कर या सिनेमाला मिळाले.

काय बघायचं: सिनेमात सुमारे २,७०० कट आहेत. म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांना एक. तरी डोळा गोंधळत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळपास प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवली आहे. छोट्या स्क्रीनवर हे जास्तच उपयोगी पडतं.

फोनवर काय करायचं: व्हिडिओची फाइल लहान करताना सॉफ्टवेअर एक युक्ती वापरतं. मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवायचं. पण प्रत्येक कटनंतर अख्खं चित्रच नवीन असतं, आणि वाळूच्या वादळात तर प्रत्येक कण हलतो. कमी बिटरेटमध्ये त्या वादळाचा तपकिरी चिखल होतो. म्हणून हा सिनेमा वायफायवर, ॲपमधल्या सगळ्यात वरच्या डाउनलोड क्वालिटीत उतरवून बघा.

२. टॉप गन: मॅव्हरिक (२०२२)

लढाऊ विमानं आवडत असतील तर हा चुकवू नका. जुना 'टॉप गन' १९८६ चा, तो बघितला नसेल तरी चालतं. कलाकारांना खरोखर एफ-१८ विमानाच्या मागच्या सीटवर बसवलं होतं आणि विमान नौदलाचे पायलट चालवत होते. कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे होते. कॅमेरामन बसायला जागाच नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू करणं, लाइट बघणं हे कलाकारांनीच केलं.

काय बघायचं: वळण घेताना कलाकारांचे गाल खाली ओढले जातात, श्वास तुटतो. ते चेहरे खरे आहेत. मात्र सगळंच खरं आहे असं समजू नका. व्हीएफएक्सही भरपूर आहे आणि त्यासाठी सिनेमाला ऑस्कर नामांकनही होतं. खरं कुठे संपतं आणि कॉम्प्युटर कुठे सुरू होतो ते ओळखता येत नाही, यातच मजा आहे.

फोनवर काय करायचं: सिनेमाला ऑस्कर मिळालं ते आवाजासाठी. फोनचा स्पीकर इतका छोटा असतो की खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे इंजिनाची घरघर, काढण्याएवढी हवाच त्याला हलवता येत नाही. साधे वायरचे इअरफोन लावा. तेवढ्यानेही सिनेमा बदलतो.

३. सेव्हिंग प्रायव्हेट रायन (१९९८)

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा हा सिनेमा ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या लढाईपासून सुरू होतो. एका आईची तीन मुलं युद्धात मारली गेली आहेत, चौथ्याला जिवंत शोधून घरी पाठवायचं. एकासाठी आठ जणांचा जीव धोक्यात घालणं योग्य आहे का, हा प्रश्न सिनेमाभर पिच्छा सोडत नाही. सुरुवातीची साधारण २५ मिनिटं फारच हिंसक आहेत, त्यामुळे लहान भावंडांसोबत बसून बघू नका.

जाता जाता एक आठवण. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, इटलीत आपल्या रायगड जिल्ह्यातले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे युद्ध वाटतं तितकं परकं नाही.

काय बघायचं: समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईत उडणारी माती आणि पाणी विचित्र धारदार दिसतं. नेहमी २४ फ्रेमच्या सिनेमात कॅमेऱ्याचं शटर एका फ्रेमसाठी १/४८ सेकंद उघडं राहतं, त्यामुळे हालचाल थोडी पुसट येते. इथे शटर त्याहून बरंच कमी वेळ उघडलं. म्हणून प्रत्येक कण वेगळा दिसतो आणि हालचाल तुटक वाटते, घाबरलेल्या माणसाला दिसावी तशी.

फोनवर काय करायचं: सिनेमाचे रंग मुद्दाम फिके ठेवले आहेत. पण बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले आधीपासून 'व्हिव्हिड' मोडवर असतो आणि तो सगळ्याला रंग चढवतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 'नॅचरल' करा.

४. डंकर्क (२०१७)

१९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर अडकलेल्या ३ लाख ३८ हजारांहून जास्त सैनिकांना समुद्रमार्गे सोडवलं गेलं. त्यात सामान्य लोकांच्या छोट्या बोटीही होत्या. क्रिस्टोफर नोलन यांनी ही गोष्ट तीन घड्याळांवर सांगितली आहे. जमिनीवरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास, आणि तिन्ही एकमेकांत गुंफलेले. हे आधी माहीत असेल तर गोंधळ होत नाही.

काय बघायचं, किंवा ऐकायचं: हान्स झिमर यांच्या संगीतात शेपर्ड टोन नावाची एक युक्ती आहे. एकमेकांवर रचलेले सूर असे वाढत जातात की आवाज सतत वर चढतोय असं वाटतं, पण तो कधीच टोकाला पोचत नाही. छातीत धडधड होते ती त्याच्यामुळे.

फोनवर काय करायचं: संवाद कमी आणि हळू आहेत, स्फोट मोठे आहेत. संवाद ऐकायला आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला कान बसतात. सबटायटल लावा आणि आवाज मध्यम ठेवा.

५. १९१७ (२०१९)

पहिलं महायुद्ध. दोन तरुण सैनिकांना एक निरोप पोचवायचा आहे. पोचला नाही तर १,६०० सैनिक सापळ्यात जाणार. सॅम मेंडिस यांनी हा सिनेमा एकाच सलग शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसेल असा बनवला. प्रत्यक्षात अनेक लांब शॉट बेमालूम जोडले आहेत. कॅमेरा रॉजर डीकिन्स यांचा, त्यांना ऑस्कर मिळालं. एका ट्रकमध्ये शीख जवानही दिसतो. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय परदेशात लढायला गेले होते.

काय बघायचं: जोड कुठे आहेत ते शोधा. माणूस अंधारात शिरला, कॅमेरा एखाद्या भिंतीमागून गेला, की संशय घ्या.

फोनवर काय करायचं: स्ट्रीमिंग ॲप तुमच्या नेटच्या स्पीडप्रमाणे दर काही सेकंदांनी क्वालिटी वर-खाली करतं. इतर सिनेमात कट होताना ते लक्षात येत नाही. इथे कट जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे चालता चालता चित्र पुसट झालं की लगेच खटकतं. आधी डाउनलोड करा, आणि फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका.

६. उरी: द सर्जिकल स्ट्राइक (२०१९)

आदित्य धर यांचा हा सिनेमा बहुतेकांनी बघितलेला असेल. पण परत एकदा, नीट बघा असं मी सांगेन. काश्मीर म्हणून दिसणारा बराचसा भाग सर्बियात शूट झाला आहे. दिग्दर्शन, अभिनय, पार्श्वसंगीत आणि साउंड डिझाइन असे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हा माहितीपट नाही, सत्य घटनेवर बेतलेला सिनेमा आहे, एवढं लक्षात ठेवून बघा.

काय बघायचं: शेवटचा हल्ला रात्रीचा आहे. अंधारात कोण कुठे आहे हे थोड्याशा उजेडावर समजावून दिलं आहे.

फोनवर काय करायचं: साध्या ८ बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात. अंधाराच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. लहान फाइल बनवताना तिथेच आणखी कात्री लागते, आणि मग काळोखात चौकोनी ठोकळे हलताना दिसतात. खोलीतला दिवा बंद करा, ऑटो ब्राइटनेस बंद करून स्वतः सेट करा. बसमध्ये उन्हात हा सिनेमा बघणं म्हणजे स्वतःचं तोंड बघणं आहे, स्क्रीनवर दुसरं काही दिसत नाही.

७. द डार्क नाइट (२००८)

सुपरहिरोचा सिनेमा आवडत नाही म्हणणाऱ्यांनाही मी हाच सुचवतो. बॅटमॅनपेक्षा लक्षात राहतो तो हीथ लेजरचा जोकर. सिनेमा येण्याआधीच लेजर गेला आणि ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. शिकागोच्या रस्त्यावर ट्रक उलटतो ना, तो खरोखर उलटवला होता. मोठ्या फीचर फिल्मचे काही भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेण्याची सुरुवातही इथूनच झाली.

काय बघायचं: पहिला बँक दरोडा. कोण कोणाला मारणार हे कळेपर्यंत सीन संपतो.

फोनवर काय करायचं: दोन बोटांनी झूम करून काळ्या पट्ट्या घालवू नका. तुमचा फोन २०:९ चा असेल आणि व्हिडिओ १६:९ चा, तर स्क्रीन भरताना वर-खालचं मिळून २० टक्के चित्र कापलं जातं. सिनेमा त्याहून रुंद असेल तर बाजूचं जातं. काळी पट्टी म्हणजे वाया गेलेली स्क्रीन नाही. ती दिसते म्हणजे चित्र पूर्ण आहे.

८. स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स (२०१८)

कार्टून म्हणून सोडून देऊ नका. माइल्स मोरालेस नावाचा शाळकरी मुलगा, त्याच्यावर अचानक आलेली ताकद, आणि वेगवेगळ्या विश्वांतून आलेले स्पायडर-मॅन. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर याला मिळालं.

काय बघायचं: जंगलातला पाठलाग. तिथे अनुभवी पीटरची पोझ प्रत्येक फ्रेमला बदलते, म्हणजे सेकंदाला २४ वेळा. नवख्या माइल्सची दोन फ्रेमला एकदा, म्हणजे १२ वेळा. त्यामुळे माइल्स अडखळतोय असं नुसतं बघूनच कळतं. तो जसजसा शिकतो तसतशी हालचाल सफाईदार होते. फ्रेम रेटने गोष्ट सांगणं म्हणजे कमालच ना!

फोनवर काय करायचं: काही फोनमध्ये आणि बहुतेक स्मार्ट टीव्हीत 'मोशन स्मूदिंग' किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडतं. इथे ते दिग्दर्शकाचं कामच पुसून टाकतं. बंद करा. फोन १२० हर्ट्झचा असेल तर मात्र तो रेट चालू ठेवायला हरकत नाही, कारण १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक फ्रेम सारखाच वेळ दिसते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करावं लागतं.

९. मिन्नल मुरली (२०२१)

सुपरहिरो म्हटलं की न्यूयॉर्कच का? केरळमधलं एक छोटं गाव, तिथला एक शिंपी, आणि अंगावर पडलेली वीज. पण तीच वीज आणखी एकावर पडली आहे. बेसिल जोसेफ यांचा हा मल्याळम सिनेमा बजेटने हॉलिवुडपुढे चिमुकला आहे, पण यातला व्हिलन बघताना वाईट वाटतं. टोव्हिनो थॉमस हिरो आहे, आणि गुरू सोमसुंदरम यांनी व्हिलनचं काम फार सुंदर केलंय.

काय बघायचं: गाव वाईट वागलं की माणूस काय होतो, आणि एकानेही विश्वास ठेवला तर काय होतो.

फोनवर काय करायचं: ऑडिओ ट्रॅक मल्याळम ठेवा आणि सबटायटल लावा. हिंदी डबिंग उपलब्ध आहे, पण मूळ आवाजातला गावरान बाज त्यात राहत नाही.

पैसे भरूनही क्लिअर दिसत नाही?

तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुमचा प्लॅन. नेटफ्लिक्सच्या भारतातल्या मोबाइल प्लॅनमध्ये ४८०पी पर्यंतच क्वालिटी मिळते. फोनचा दोष नसतो.

दुसरी, वाइडव्हाइन लेव्हल. अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओचं कुलूप उघडणारी ही यंत्रणा असते. एल१ असेल तर कुलूप फोनच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये उघडतं आणि एचडी मिळू शकतं. एल३ असेल तर बरीच ॲप्स एचडी देतच नाहीत. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन'खाली हे दिसतं. फोनचा बूटलोडर अनलॉक केला तर काही फोनमध्ये एल१ चं एल३ होतं, हे आधी माहीत असू द्या. सेकंडहँड फोन घेताना तर नक्की बघा.

तिसरी, डेटा सेव्हर. बहुतेक ॲप मोबाइल डेटावर आपोआप कमी क्वालिटी देतात. रोजच्या दीड जीबीत ते बरोबरच आहे. म्हणून वायफाय मिळेल तिथे डाउनलोड, बाहेर असताना बघणं, हा सरळ उपाय.

फुकटच्या ॲपचं खरं बिल

आता सगळ्यात महत्त्वाचं. "सगळे ओटीटी फ्री" असं म्हणत एपीके फाइल फिरत असते. माझ्या एका सहकाऱ्याच्या धाकट्या भावाने असंच एक ॲप टाकलं. ॲपने एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परमिशन मागितली, त्याने दिली. सिनेमा चालू झाला, त्यामुळे संशयही आला नाही. तीन दिवसांनी सेमिस्टरच्या फीसाठी ठेवलेले पैसे खात्यातून गेले.

मी ॲप बनवण्याचंच काम करतो, म्हणून सांगतो. एसएमएसची परमिशन म्हणजे तुमचा ओटीपी वाचण्याचा परवाना. ॲक्सेसिबिलिटी त्याहून वाईट. त्यातून ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. सिनेमा दाखवायला यातलं काहीही लागत नाही. एखादा व्हिडिओ प्लेअर हे मागत असेल तर तो व्हिडिओ प्लेअर नाहीच.

चुकून टाकलंच असेल तर आधी नेट बंद करा. ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्याला काढा, मग अनइन्स्टॉल करा. बँकेचे पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आणि खिशाचं म्हणाल तर एका वेळी एकच ॲप, एका महिन्यासाठी घ्या. त्यावरचं बघून झालं की बंद करून दुसरं घ्या. तुमच्या रिचार्जसोबत एखादं ओटीटी येतंय का तेही बघा. बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर या रविवारी 'फ्युरी रोड'. आज रात्री वायफायवर डाउनलोडला लावा, इअरफोन शोधून ठेवा. बघून झाला की कमेंटमध्ये सांगा, फक्त "ठीक होता" एवढंच लिहू नका. कुठला सीन आवडला तेही लिहा!